एक पाऊल मागे

बुधवारी रात्री साडेदहाला टोबिन कीपिंगनं मजकूर दिला.
शुक्रवारपासून बोटीचा वायरलेस बंद. धुकं.
दोन हेलिकॉप्टरं. एक केशरी तरंगता डबा, रिकामा.
आणि खाली लियोना स्नूकचं बोलणं,
त्यानं वहीत उतरवलं तसंच:
लियोना म्हणाली, गारलंड हट्टी आहे.
लियोना म्हणाली, त्याला किनाऱ्याचा खडकन् खडक पाठ आहे.
लियोना म्हणाली, तो गुरुवारी येणार आहे,
तसं सांगून गेलाय.

पोरगा नवा आहे, नियम त्याला ठाऊक नाही.
न्यूफाउंडलंडच्या या टोकाला, आठ पानी साप्ताहिकात,
सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं नीट करते.
आमच्या इंग्रजीत 'म्हणाली' आलं, की
मागून येणारं प्रत्येक क्रियापद एक पाऊल मागे सरकतं,
धक्क्यावर दोर ताणला की माणसं सरकतात तसं.
'आहे'चं 'होता'. 'येणार आहे'चं 'येणार होता'.
एरवी हे मी झोपेतही करते.
महापौर म्हणाले, रस्ता खराब आहे: होता.
(अजूनही आहे, पण ते असो.)
मुख्याध्यापिका म्हणाल्या, छत गळतं: गळत होतं.
कुणाचं काही बिघडत नाही.

मी पहिल्या 'आहे'वर काट मारली.
लियोना म्हणाली की गारलंड हट्टी होता.
वाचून बघितलं.
मग उठून किटली लावली,
ती मघाशीच उकळून झाली होती.

व्याकरण चोख. पण उद्या सकाळी सातला
मासळीच्या कारखान्यात, चहाच्या टेबलाशी,
एफी पडिस्टर मोठ्यानं वाचणार, कारण चष्मा तिच्याकडेच असतो,
आणि 'होता'पाशी तिचा आवाज उतरणार,
आणि दुपारपर्यंत लियोनाच्या दारात
झाकलेली भांडी येऊ लागणार.

नियमाला एक फट आहे, पुस्तकात सहा ओळींची:
सांगितलेली गोष्ट अजून खरी असेल
तर क्रियापद जागचं हलवू नये.
उदाहरणाला पृथ्वी दिलीय. ती सूर्याभोवती फिरते.
अजून खरी आहे का, हे कुणी ठरवायचं
ते दिलेलं नाही.
तटरक्षक दलाला फोन लावला.
माणूस म्हणाला, शोध चालू आहे.
आता त्याचं मी काय लिहू?

साडेअकराला छापखान्यातून एम्ब्रोझ आला, पान दे म्हणाला.
'हट्टी आहे' परत आणलं. 'पाठ आहे'ला हात लावला नाही.
'येणार आहे'पाशी अडले.
'येणार होता' म्हणजे आला नाही.
'येणार आहे' म्हणजे गावाला मी शब्द देतेय,
आणि माझ्याकडे तर साधी होडीही नाही.
शेवटी दोन्हीकडून अवतरणचिन्हं घातली,
तिचं वाक्य तिच्या तोंडी परत ठेवलं.
तिथे माझा नियम चालत नाही.
भित्रेपणा म्हणा.
एम्ब्रोझ पान घेऊन गेला.

गुरुवारी दुपारी लियोना स्वतः आली.
रबरी बूट, डोक्याला स्कार्फ, हातात अंक.
मी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.
तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली,
"तुम्ही त्याला बावन्नचा केलाय.
तो एक्कावन्नचा आहे. बावन्न नोव्हेंबरात."

पुढच्या अंकात, दुसऱ्या पानावर,
भरती-ओहोटीच्या तक्त्याखाली, चौकटीत:
गारलंड स्नूक बावन्न वर्षांचे असल्याचं आम्ही म्हटलं होतं.
ते एक्कावन्न वर्षांचे आहेत.

त्याला पाच आठवडे झाले.
टोबिनला आता नियम येतो.
काल त्यानं एका धडधाकट सुताराला 'होता' केलं,
आणि बरोबर केलं.
माझ्या टेबलामागे भिंतीवर ऑक्टोबरचं पान आहे.
आज तीन नोव्हेंबर.